चांदेकर डॉक्टरांची लाकडी गाडी

किस्से कोणी मुद्दाम गोळा करत नाही. आमच्या आरामशिनीखाली भुसा साठतो तसे ते साठतात. सकाळी जागा झाडून घेतलेली असते, दिवसभर आपण आपल्या कामात असतो, आणि संध्याकाळी पाहावं तर हा ढीग. जुन्या मोटारी पाळणाऱ्या माणसांच्या संगतीत राहिलं की असाच ढीग होतो. फरक एवढाच, की भुसा विकला तरी जातो.

मी रामटेके. लकडगंजला वडिलांपासून आमचा लाकडाचा टाल आहे. मोटारींमधलं मला काही कळत नाही. तरी नागपूरच्या जुन्या गाड्यांच्या मंडळात दर रविवारी सकाळी मी तर्री-पोहे खायला हजर असतो, कारण मंडळातली एक गाडी लाकडाची आहे. म्हणजे इंजिन आणि नाक लोखंडाचं. पण ड्रायव्हरच्या पाठीमागे सगळी चौकट लाकडाची. खांब लाकडाचे, आडवे पट्टे लाकडाचे, दरवाजे लाकडाचे. लांबलचक विलायती एस्टेट गाडी. त्या काळचे साहेब लोक तिच्यात बंदुका, कुत्रे आणि बायको घालून शिकारीला जात म्हणे.

गाडीचे मालक डॉक्टर चांदेकर. धंतोलीत हाडांचा दवाखाना. आमच्या मंडळाचे बहुतेक किस्से त्यांच्याच गाडीच्या वाट्याला आलेले आहेत.

*

डॉक्टरांनी ती गाडी छिंदवाड्याकडच्या एका संत्रेवाल्याच्या गोठ्यातून आणली. आणली तेव्हा तिच्यात कोंबड्या राहत होत्या. लाकूड म्हणजे नुसती सजावट, असा डॉक्टरांचा समज. आत पत्रा असणार आणि वरून कोणीतरी हौसेनं पट्ट्या ठोकल्या असणार. म्हणून त्यांनी शंकर भोयर मेकॅनिकला सांगितलं, आधी हे कुजकं लाकूड काढून टाक, मग आतल्या पत्र्याला झकास रंग देऊ.

भोयर आत बसून एकेक स्क्रू काढत गेला. एक खांब सुटला, तसा एक दरवाजा पडला. दुसरा खांब सुटला, तशा काचा घसरल्या. पत्रा काही दिसेना. तेवढ्यात छप्पर खाली आलं. धाडकन नाही, मिटलेली छत्री हळूच अंगावर यावी, तसं भोयरच्या डोक्यावर येऊन बसलं. आत पत्रा नव्हताच. ज्याला डॉक्टर दागिना समजत होते, तो गाडीचा सांगाडा होता.

डॉक्टर धावत आले, वाकले, आणि फटीतून सवयीनं विचारलं, "कुठं दुखतंय?"

आतून भोयर म्हणाला, "मले काई नाई झालं. तुमच्या पेशंटचं हाड मोडलं."

*

आता दुरुस्ती कोणी करायची? भोयर म्हणाला, लोखंडाचं काही असेल तर मध्यरात्री बोलवा, लाकूड माझी लाइन नाही. डॉक्टर एका सोफेवाल्याकडे गेले. तो म्हणाला, चाकं असलेलं काम आम्ही घेत नाही. रथ बनवणाऱ्या एकाचा पत्ता मिळाला. तो म्हणाला, बैल जुंपणार असाल तर बोला. शेवटी डॉक्टर माझ्या टालावर आले. हातात गुडघ्यावर मारायची ती रबरी हातोडी होती. गाडीच्या प्रत्येक खांबावर त्यांनी ती मारून पाहिली होती आणि एका खांबात ती आत गेली ती गेलीच, असं त्यांनी मला फार दुःखानं सांगितलं. मी त्यांना उमरेडच्या सुताराकडे, देवाजी मिस्त्रीकडे पाठवलं.

देवाजी मिस्त्री म्हणजे मोठं प्रस्थ. त्याच्या ओसरीवर नेहमीच चार माणसं ताटकळत असतात. डॉक्टर तिथल्या बाकड्यावर जाऊन बसले. शेजारी पायाला प्लास्टर घातलेला एक म्हातारा बसला होता. प्लास्टर डॉक्टरांनीच घातलेलं.

म्हाताऱ्यानं विचारलं, "डाक्टरसाहेब, तुमी इथं काहून?"

"नागपूरवाल्यांनी इकडं पाठवलं."

म्हाताऱ्यानं समजुतीनं मान हलवली. आजवर तीन दवाखाने हिंडून मग तो डॉक्टरांकडे पोचला होता. तो बाकावर जरा सरकला आणि म्हणाला, "घरून जेवून आले ना? इथं नंबर लागायले टाइम लागते."

*

देवाजी मिस्त्री गाडी पाहायला नागपूरला आला तो एसटीनं, आणि आल्याआल्या त्यानं गाडीभोवती चक्कर मारून विलायती सुतारांना नावं ठेवली. चौकट ठीक आहे, पण कामात काही जीव नाही, असं त्याचं मत पडलं. डॉक्टरांनी त्याला जुन्या फोटोंची चळत दाखवली. जसं होतं तसंच पाहिजे, असं बजावून सांगितलं. मिस्त्रीनं सगळे फोटो नीट पाहिले आणि परत दिले.

काम झाल्यावर आम्ही सगळी मंडळी बघायला गेलो. मागची अख्खी बाजू नवी झाली होती. सांधा असा बसला होता, की नख शिरणार नाही. फक्त मागच्या दोन्ही दारांवर एकेक मोर कोरला होता. दारांना आतून कडी होती आणि बाहेरून कोयंडा. खाली एक खण होता, बाहेर ओढायचा. आणि सगळं अस्सल सागवान, इतकं जाडजूड, की गाडीची मागची बाजू खाली बसली होती आणि नाक आकाशाकडं गेलं होतं.

डॉक्टरांनी कडी लावून पाहिली, काढून पाहिली. मग त्यांनी हळूच विचारलं, की खण कशासाठी?

"बाईसायबाले इचारा," मिस्त्री म्हणाला.

सुनंदावहिनी, म्हणजे डॉक्टरांच्या पत्नी, तोवर खण ओढून पाहत होत्या. त्यांनी मिस्त्रीला एकच प्रश्न केला, की हे असंच आमच्या स्वयंपाकघरात करून द्याल का. डॉक्टर त्या दिवशी ओपीडीला गेले नाहीत.

*

त्याच उन्हाळ्यात गाडीच्या उरलेल्या जुन्या लाकडाला उधळी, म्हणजे वाळवी, लागली. गाडी पोर्चमध्ये उभी होती, तिथंच भिंतीतून उधळी वर चढली. डॉक्टरांनी औषध मारणाऱ्यांना फोन केला. मी समोरच बसलो होतो. फोनवरच्या मुलीनं विचारलं, घर आहे की दुकान? डॉक्टर म्हणाले, गाडी. ती म्हणाली, सर, गाडीचं नंतर, आधी प्रॉपर्टी सांगा. डॉक्टरांनी पुन्हा समजावलं, की उधळी गाडीलाच लागली आहे. तिच्यापुढच्या कॉम्प्युटरवर गाडी नावाचं खातं नसावं, कारण तिनं विचारलं, खोल्या किती?

डॉक्टर चिडून म्हणाले, "एक."

"संडास-बाथरूम आत की बाहेर?"

दुसऱ्या दिवशी माणूस आला. त्यानं खांबाखांबात भोकं पाडून औषध सोडलं, दारं लावून घेतली आणि डॉक्टरांना सांगितलं, की आता काही दिवस घरातल्या सगळ्यांनी नातेवाइकांकडे राहायला जायचं. डॉक्टरांनी बंगल्याकडे बोट दाखवून सांगितलं, की आम्ही तिथं राहतो.

"हां," तो म्हणाला, "मग नातेवाईक जवळच आहेत."

*

उधळी होती, म्हणून सुतारपक्षी आला. पिवळ्या पाठीचा, लाल तुऱ्याचा. रोज सकाळी पोर्चमध्ये यायचा आणि गाडीच्या खांबावर टकटक करायचा. डॉक्टरांना आधी कौतुक वाटलं. त्यांनी त्याचे फोटो मंडळाच्या ग्रुपवर टाकले. मग एक दिवस खांबाला आरपार भोक पडलं आणि त्यातून पलीकडचा तुळशीचा कट्टा दिसायला लागला, तेव्हा कौतुक संपलं.

गाडीचा विमा होता. विमा कंपनीच्या दावे पाहणाऱ्या माणसानं, नाव सांगत नाही, कंपनीचंही नाही, फोनवर विचारलं, की टक्कर कशाशी झाली?

डॉक्टर म्हणाले, "टक्कर नाही. गाडी उभीच होती. सुताराने भोक पाडलं."

"मुद्दाम?"

"रोज सकाळी येतो हो."

पलीकडच्या माणसानं शांतपणे सल्ला दिला, की असं असेल तर त्याच्याकडूनच भरून घ्या आणि पुन्हा त्याला काम देऊ नका. डॉक्टरांनी पक्षी हा शब्द उच्चारण्याआधीच फोन ठेवला गेला.

ही गोष्ट कोणीतरी अर्धवटच उमरेडला पोचवली. देवाजी मिस्त्री पहिल्या एसटीनं आला आणि डॉक्टरांच्या पोर्चमध्ये जमलेल्या मंडळासमोर उभा राहिला. उभ्या जन्मात मी चुकीच्या जागी भोक पाडलं नाही, असं त्यानं सगळ्यांना ऐकवलं. डॉक्टरांनी त्याला हाताला धरून खांबापाशी नेलं. नशिबानं पक्षी हजर होता. मिस्त्री बराच वेळ त्याचं काम पाहत राहिला.

शेवटी म्हणाला, "घाई करून राहिला."

*

गाडी दुरुस्त झाल्यावर पहिला लांबचा फेरा उमरेडकडं काढला. डॉक्टर चालवत होते, शेजारी मी. वाटेत जंगलखात्याच्या एका नाक्यावर गार्डनं हात केला. सागवानाचा परवाना दाखवा म्हणाला. विदर्भात सागवान इकडचं तिकडं न्यायचं म्हणजे कागद लागतो, हे मला पक्कं माहीत; पण कागद लाकडाचा असतो, दरवाजाचा नसतो. डॉक्टरांनी गाडीचं आरसी दाखवलं. गार्ड म्हणाला, हे गाडीचं झालं, गाडीत काय भरलं ते विचारून राहिलो.

डॉक्टरांनी त्याला शांतपणे समजावलं. लाकूड गाडीत भरलेलं नाही. गाडीच त्या लाकडावर उभी आहे. हा खांब काढला तर छप्पर खाली येईल, हे त्यांनी अनुभवावरून सांगितलं. गार्डनं खाली वाकून पाहिलं, मागं जाऊन मोर पाहिला, खण ओढून पाहिला. माणूस वाईट नव्हता. फक्त त्याला आजवर असं कोणी भेटलं नव्हतं. बाजूला जाऊन त्यानं साहेबांना फोन लावला. आम्हाला त्याचंच बोलणं ऐकू येत होतं.

"साहेब, एक लाकूड आलं हाय... नाई, ट्रकात नाई. सोताच आलं... हो साहेब, चालत... नाई साहेब, मी काई घेतलेलं नाई. त्याले हॉर्न बी हाय."

*

मंडळाचे अध्यक्ष मोटवानी शेठ. जरीपटक्याला कपड्यांचं मोठं दुकान. त्यांच्याकडची गाडी इतकी चकचकीत, की तिच्याजवळ उभं राहून लोक दाढी बघतात. प्रदर्शनात दरवर्षी पहिलं बक्षीस त्यांचं. त्या वर्षी मात्र त्यांनीच हौसेनं पुण्याहून परीक्षक बोलावले.

पाऊस नुकताच उघडला होता. डॉक्टरांच्या गाडीच्या खिडकीच्या लाकडावर हिरवं शेवाळ आलं होतं आणि कोपऱ्यात दोन कुत्र्याच्या छत्र्या उगवल्या होत्या. डॉक्टर बिचारे ओल्या फडक्यानं पुसत होते, तेवढ्यात परीक्षक आलेच. त्यांनी डॉक्टरांचा हात धरला. पुसू नका म्हणाले. मग आम्हा सर्वांना जवळ बोलावून त्यांनी काळाचा स्पर्श या विषयावर बरंच सांगितलं. रंग काय, कोणीही देऊ शकतो. पण हे काळानं दिलेलं आहे, असं म्हणून त्यांनी मोटवानी शेठच्या गाडीकडे कीव आल्यासारखं पाहिलं.

मागच्या दारांपाशी तर ते थबकलेच. मोरावरून बोट फिरवलं. हे काम ब्रिटिश काळातल्या एखाद्या संस्थानी कारखान्याचं असणार, शंभर वर्षांपूर्वीचं तरी, असं त्यांनी ठामपणे सांगितलं. देवाजी मिस्त्री माझ्याच शेजारी उभा होता. त्यानं मला विचारलं, की साहेब काय म्हणून राहिले? मी सांगितलं, मोर शंभर वर्षांचा आहे म्हणतात.

"बराबर हाय," मिस्त्री म्हणाला. "माह्या आज्यापासून आमी हाच काढतो."

पहिलं बक्षीस डॉक्टरांना मिळालं. पुढच्या रविवारी मोटवानी शेठनं मला पोह्यांच्या प्लेटसकट बाजूला घेतलं आणि हळूच विचारलं, "रामटेकेजी, वो छत्री का बीज किधर मिलता है?"

*

आणि आता डॉक्टरांच्या मुलीच्या साक्षगंधाचं, म्हणजे साखरपुड्याचं. मुग्धा आता सासरी सुखात आहे, म्हणून सांगायला हरकत नाही. लग्न पुढं नागपूरलाही झालं नाही आणि अमरावतीलाही नाही. ते झालं दोन्हींच्या अर्ध्या वाटेवर, तळेगावला. तिथं ना डॉक्टरांचं कोणी होतं, ना व्याह्यांचं. असं का, हे दोन्ही घरांतल्या पुरुषांपैकी कोणालाही आजतागायत माहीत नाही.

झालं असं होतं, की मुलाकडचे अमरावतीचे. विहीणबाई शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका. बोलणं कमी आणि पक्कं. लग्न आमच्या गावी होईल, असं त्या म्हणाल्या होत्या. मुलीचं लग्न मुलीच्या दारात होतं, असं सुनंदावहिनी म्हणाल्या होत्या. मग कोणाच्या तरी तोंडून कोणाच्या तरी स्वयंपाकाबद्दल काहीतरी निघालं, आणि दोघींनी फोन बंद केले. साक्षगंधाचा दिवस उजाडला तोवर गोष्ट अशी झाली होती, की मुग्धा आणि तो मुलगा सभागृहाच्या दोन टोकांना उभी होती आणि दोघांचेही चेहरे उतरले होते. आज काही जुळलं नाही तर उद्या पाहुणे परत जाणार, हे सगळ्यांना कळत होतं.

डॉक्टरांना वाटलं, विहीणबाईंना मानानं आणावं. म्हणून त्यांनी लाकडी गाडी काढली. सुनंदावहिनींना बळंच सोबत घेतलं. मी पुढं, मांडीवर हारांचं ताट घेऊन. गेस्ट हाऊसवरून विहीणबाई गाडीत बसल्या. दोघी मागच्या सीटवर, मध्ये एक माणूस बसेल एवढं अंतर. एक डावीकडं बाहेर बघत होती, दुसरी उजवीकडं. रस्ताभर पाऊस आणि वायपरचा आवाज, एवढंच.

सभागृहाच्या दारात गाडी लागली. बँडवाला सरसावला. डॉक्टर उतरून मागच्या सीटचं बाजूचं दार उघडायला गेले, आणि दार उघडेना. मी दुसऱ्या बाजूनं गेलो, तेही उघडेना. सलग पावसात जुनं लाकूड पाणी पिऊन फुगलं होतं आणि दार चौकटीत असं बसलं होतं, की दार कुठं संपतं आणि खांब कुठं सुरू होतो ते कळत नव्हतं. पाठीमागची मोरांची दारं उघडत होती, पण मध्ये फळांच्या करंड्या, मिठाईचे पेटारे; आणि मागून काय, पुढून काय, पैठणीत सीट ओलांडूनच उतरावं लागणार. विहीणबाईंनी त्या वाटेकडे एकदा पाहिलं आणि पुन्हा समोर बघायला लागल्या.

भोयरला बोलावलं. त्यानं पाय लावून ओढलं. मुठीचा दांडा हातात आला. व्याही छत्री धरून उभे होते. ते फक्त एवढंच म्हणाले, की आमच्या अमरावतीला लोक पत्र्याच्या गाड्या वापरतात. सभागृहात गुरुजी पुन्हा पुन्हा घड्याळ बघत होते. डॉक्टरांच्या कपाळावर पाऊस होता की घाम, ते सांगता येत नव्हतं. देवाजी मिस्त्री जेवायला आलेला होता, पण आरी त्याच्या पिशवीत असतेच. त्यानं चौकटीवरून हात फिरवला आणि सांगितलं, एकतर ऊन पडायची वाट पाहा, नाहीतर खांब कापावा लागेल. खांब कापला तर छपराची काही खात्री नाही.

याच गाडीला कोणी बोट लावलं तर डॉक्टर तोंड फिरवत. त्यांनी सभागृहाच्या दारातून आत मुग्धाकडे पाहिलं. मग गाडीकडे न बघता म्हणाले, "कापा."

मिस्त्रीनं खांबावर आरी टेकवली. एक ओढ दिली, दोन दिल्या. भुसा ओल्या फरशीवर पडला. काचेवर आतून वाफ धरली होती, तरी मला दिसलं, की सीटच्या मधलं ते अंतर आता राहिलं नव्हतं. दोन्ही डोकी एकमेकींकडे वळलेली होती.

तेवढ्यात आतून काचेवर टकटक झाली. मिस्त्री थांबला. काच चार बोटं सरकली.

"ते करवतणं बंद करा जरा," सुनंदावहिनी म्हणाल्या. "ऐकू येत नाही."

मग त्याच फटीतून विहीणबाईंचा आवाज आला. "आणि दोन चहा पाठवा. एक बिनसाखरेचा."

काच पुन्हा लागली.